छिंदवाड्याहून आलेला माणूस

पांढुर्णा
१८ ऑगस्ट २०२४

चि. प्रणाली,

आशीर्वाद आहेतच, पण आधी रागावते. फोनवर "सगळं ठीक आहे आत्या" यापलीकडे तू काही सांगत नाहीस, आणि सांगितलंस तरी मला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही. स्पीकर लावला की आवाज दिलीपच्या किराणा दुकानापर्यंत जातो. परवा तू पोट बिघडल्याचं सांगितलंस आणि संध्याकाळी समोरच्या अंबाबाई ओवा घेऊन दारात हजर. "पोट्टीले सांग, मेसचं पनीर खात नको जाऊ." आता पनीरचं त्यांना कसं कळलं ते तूच समज. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं आणि माझ्याच घरात वाढलेली पोर दोन ओळींवर भागवते, हे मला चालायचं नाही.

आता मुद्द्यावर येते. तिकडे गुजरातेत जाऊन तू नेमकं काय शिकतेस? राष्ट्रीय सुरक्षा आणि गुप्तवार्ता, हे नाव मला पाठ झालं आहे. पण सकाळी वर्गात जाऊन बसल्यावर फळ्यावर काय लिहितात? जे लिहितात ते गुप्त असेल तर वहीत उतरवू देतात का? बंदूक हातात देतात का? वेष बदलायला शिकवतात का? शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुला मिशी लावून हवालदार केलं होतं, तरी अंबाबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या होत्या, "हे पाहा वं, आपली प्रणाली!" त्यामुळे मला थोडी काळजी आहे.

हे, म्हणजे तुझे मामाजी, विचारत होते, या शिक्षणावर पोरीला नोकरी कोणती लागेल. मी म्हटलं, लागली तर ती आपल्याला सांगणार नाही, त्यावरूनच ओळखायचं. हसले नाहीत. गल्लीत मी "एमए करून राहिली" एवढंच सांगते.

सविस्तर लिही.

तुझी आत्या,
जयवंता


गांधीनगर, वसतिगृह
५ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

लांबूनच पाया पडते. बंदूक देत नाहीत. मिशीही नाही. ग्रंथालयाचं कार्ड दिलं आहे आणि इतके कागद वाचायला लावतात की चष्म्याचा नंबर वाढला.

पण पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. आमच्या मॅडम गुप्तवार्ता खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या आहेत. कोणत्या कामावर होत्या ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. त्यांनी सांगितलं, स्वतःच्या गल्लीबद्दल एक पान लिहा. मी लिहिलं, आमच्या गल्लीत सगळ्यात आधी दिलीपकाका दुकान उघडतात. मॅडमनी बाजूला लाल शाईनं विचारलं, "पाहिलं की ऐकलं?" आत्या, मी दिलीपकाकांच्या आधी उठलेच आहे कधी? ते तू मला सांगत आलीस, उशिरा उठते म्हणून टोमणा मारताना. मी ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहून टाकलं होतं.

सध्या हेच शिकते आहे. बातमी आणणारा माणूस आणि त्यानं आणलेली बातमी यांची पारख वेगवेगळी करायची. भरवशाचा माणूसही चुकीची बातमी आणू शकतो, आणि लबाड माणूस कधी खरी आणतो. दुसरं म्हणजे, एखादी गोष्ट घडली की तिची जितकी कारणं संभवतात तितकी सगळी कागदावर मांडायची. आपल्या मनातल्या कारणाला बळ देणारे पुरावे गोळा करत बसायचं नाही, कोणतं कारण टिकत नाही ते शोधायचं. सोपं वाटतं, पण मन ऐकत नाही. पहिलं जे सुचतं त्यालाच चिकटून बसतं.

हे शिकताना मला सारखी तूच आठवतेस. अख्ख्या नात्यात स्थळाची चौकशी करायची तर तुलाच पाठवतात. कशी करतेस ते मी कधी विचारलंच नाही. लिहून पाठव ना.

प्रणाली


पांढुर्णा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणाली,

तू विचारलंस आणि योगायोग बघ, त्याच सुमारास रूपालीचं स्थळ आलं. आपल्या मागच्या घरची रूपाली, तुझ्याबरोबर लंगडी खेळायची ती. मुलगा सौंसरचा. तिची आई म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी जाऊन पाहून या, मंगच आमी हो म्हनतो." गेले.

ऐक. मुलाच्या घरी आधी जायचंच नाही. मी संत्री घ्यायच्या निमित्तानं गेले, दोन डझन घेतलीही, आणि पिशवी जड झाली म्हणून पिठाच्या चक्कीवर टेकले. चक्कीवाल्याशी बोलता बोलता कळलं की त्या घरचं दळण मोठं येतं. बायोडाटात माणसं चार आणि दळण दहा जणांचं. म्हणजे चुलत्याची चूल वेगळी झालेली नाही, रूपालीला सगळ्यांचं रांधावं लागणार. त्यानंतर शेजार. मैत्रीण असलेल्या शेजारणीला विचारून काही उपयोग नसतो, ती गोडच बोलणार. मी शोधते भांडणारी शेजारीण. तिथे कुंपणावरून वाद होता. त्या बाईनं सासूला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि शेवटी म्हणाली, "पन पोट्टा सोन्यासारखा हाय बाप्पा, खोटं काऊन बोलू." भांडणारीनं चांगलं सांगितलं की ते सोळा आणे खरं.

मी येऊन दळणासकट सगळं सांगितलं. रूपाली म्हणाली, रांधीन. फेब्रुवारीत लग्न आहे. तुझ्या मॅडमना हे वाचून दाखव आणि किती मार्क देतात ते कळव.

आणखी एक. साडीतला एक चांगला फोटो पाठव. गॉगल नको.

आत्या


गांधीनगर
३ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र वर्गात वाचलं. चक्कीच्या ठिकाणी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केरळच्या एका मुलानं "भांडणारी शेजारीण" वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. मॅडम खूप हसल्या, मग म्हणाल्या, तुझ्या आत्याला माझा एक प्रश्न विचार. उद्या कोणी त्यांच्याच दारात चौकशीला आलं, तर त्या काय सांगतील? चौकशी करणाऱ्याला वाटत असतं की समोरच्याला काही कळत नाही. समोरचाही त्याच वेळी याच्याबद्दल अंदाज बांधत असतो, आणि त्या अंदाजाप्रमाणे उत्तरं देतो.

मला हे फार आवडलं. उत्तर नक्की लिही.

सोबत फोटो. नव्या मुलींच्या स्वागताच्या दिवशी मैत्रिणीची साडी नेसले होते, पदर तिनंच काढून दिला. तुला एकदम माझी आठवण आली वाटतं. बरं वाटलं.

प्रणाली


गांधीनगर
१५ जुलै २०२५

ती. आत्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला. पुढच्या सत्रात काही जणांना दिल्लीच्या एका कार्यालयात काम शिकायला पाठवतात. काम चांगलं केलं तर तिथेच पुढे ठेवूनही घेतात. माझं नाव यादीत आहे, पण अजून नक्की नाही. आत्ता याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पाऊस कसा आहे? बाबा तिकडे सौंसरला एकटेच राहतात, जेवणाची आबाळ करतात का? मामाजींना नमस्कार.

प्रणाली


पांढुर्णा
२४ ऑगस्ट २०२५

चि. प्रणाली,

तुझ्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. आता देते, कारण परीक्षा झाली आणि तुझी आत्या पहिल्या नंबरानं पास झाली.

आधी एक सांगते, चिडू नकोस. तुझा तो साडीतला फोटो मी उगीच मागवला नव्हता. छिंदवाड्याचं एक घर आहे, मुलगा वीज मंडळात इंजिनिअर. तुझा बायोडाटा मी उन्हाळ्यात पाठवला. नुसता पाठवला, शब्द दिला नाही. तू नाही म्हटलंस तर नाही. पण चांगलं घर हातचं का घालवायचं?

तर गेल्या बुधवारी एक माणूस आला. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. आधी दिलीपच्या दुकानावर बिस्किटांचा पुडा घेतला आणि न फोडता हातात धरून उभा राहिला. मी खिडकीतून पाहत होते. बिस्किटं खायची नसताना घेणारा माणूस कशासाठी आला ते मला सांगावं लागतं का? दिलीपला म्हणाला, "ये प्रणाली जी का घर यही है? बस ऐसे ही पूछ रहा था, छिंदवाड़ा से आया हूँ।" ऐसे ही! माणूस अगदी कच्चा. कोणाकडून आला ते सांगेना, आणि विचारत काय होता? मुलीचा स्वभाव कसा, घरी कोण येतं जातं, मित्र कोण, कुठं फिरायला गेली होती का, कोणाशी भांडणतंटा, काही केस. सासरची माणसं विचारतात ते सगळं.

गल्लीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, छिंदवाड्याहून कोणी आलं तर सांभाळून बोला. काय सुंदर बोलले सगळे! अंबाबाई म्हणाल्या, "पोट्टी मान वर करून पाहात नाई कोनाकडं." दिलीपनं सांगितलं, मित्र एकही नाही. मग तो आपल्याकडे आला. मी चहा दिला. मी सांगितलं, पोरगी मराठी साहित्यात एमए करते आहे. गुप्तवार्ता म्हटलं की सासरच्यांना वाटेल, ही सून घरात बसून आपल्यावरच पाळत ठेवेल. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर तू नेपाळला गेली होतीस, तेही गाळलं. नागपूरच्या पुढं गेली नाही म्हटलं.

वहिनीचं, तुझ्या आईचंही विचारलं. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, माहेरी मोहगावला गेली आहे, येईल दोनचार दिवसांत.

त्यानं काही लिहून घेतलं नाही. साहित्याचं ऐकून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला, बहुधा त्यालाही वाचनाची आवड असावी. बोलणी पुढे सरकली की कळवते.

आत्या


गांधीनगर
३ सप्टेंबर २०२५

आत्या,

तो माणूस स्थळाकडून आला नव्हता. तो सरकारकडून आला होता.

दिल्लीला पाठवण्याआधी प्रत्येकाच्या घरी अशी चौकशी होते, आपल्याकडे छिंदवाड्याच्या कार्यालयातून. मला ते माहीत होतं. घरच्यांना पढवून ठेवू नका अशी सक्त सूचना होती म्हणून मी तुला एका शब्दानं सांगितलं नाही. नियम पाळला, त्याचं हे फळ. मी लिहून दिलं होतं, शिक्षण राष्ट्रीय सुरक्षा. परदेश प्रवास नेपाळ, अमुक तारखेला, अमुक मैत्रिणींबरोबर. आणि तू त्या माणसाला समोर बसवून, चहा पाजून, एकेक गोष्ट खोडून काढलीस. काल मला बोलावलं होतं. म्हणाले, तुमचं म्हणणं आणि तुमच्या घरचं म्हणणं यात मेळ नाही, कोणीतरी काहीतरी लपवतं आहे. माझं नाव थांबवलं आहे. पुन्हा चौकशी होईल आणि मग ठरेल. ही जागा गेली तर दुसरी नाही आत्या. वर्षभर मी याच एका गोष्टीसाठी अभ्यास केला.

मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. बायोडाटा मला न विचारता पाठवलास, त्याचाही आहे. पण सगळ्यात जास्त आईबद्दल जे सांगितलंस त्याचा आहे.

आई, पत्ता मोहगाव, वडिलांपासून वेगळी राहते. अर्जात एवढंच लिहायचं होतं. शाळेत, कॉलेजात, लग्नकार्यात, मी अकरा वर्षांची असल्यापासून "आई माहेरी गेली आहे" असं सांगत आले. कोणत्या आईचं माहेर तेरा वर्षं चालतं? दर सुट्टीला तूच मला बसमध्ये बसवून द्यायचीस, आईसाठी लोणच्याची बरणी बांधून द्यायचीस, आणि कंडक्टरला सांगायचीस, पोरगी मावशीकडे चालली आहे. या वेळी मी पहिल्यांदा खरं लिहिलं आणि मला इतकं मोकळं वाटलं की संध्याकाळी मी आईला फोन करून रडले. तू मात्र ते खोडलंस.

तो पुन्हा आला तर खरं सांगशील का? पढवत नाही, विनवते आहे.

प्रणाली


पांढुर्णा
२१ सप्टेंबर २०२५

चि. प्रणाली,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. ह्यांना वाचायला दिलं. हे म्हणाले, "जगाची चौकशी करत फिरते आणि घरात आलेला माणूस ओळखता आला नाही." बोलू दिलं. तुझे कारणं मांडायचे कागद आठवले. एकच कारण मनात धरून मी त्याचे बूट, बिस्किटं, सगळं त्यालाच जोडत गेले. दुसरं कारण सुचलंच नाही.

गजेंद्रला सौंसरला फोन केला. तुझा बाप किती बोलतो तुला माहीत आहे. एवढंच म्हणाला, "सांगून टाक ताई, जे हाय ते." आणि फोन ठेवला.

मग मी दिलीपकडे गेले आणि हळूच सांगितलं, तो माणूस पुन्हा आला तर या खेपेस खरं सांगायचं. दिलीपनं डोळा मारला. "समजलं मास्तरीणबाई. खरंच सांगू." मला वाटलं, झालं काम.

परवा तो आला. मी आत देवापाशी होते. बाहेर आले तर दुकानापुढे दिलीप, अंबाबाई, रूपालीची आई, सगळे त्याला घेरून उभे, आणि प्रत्येकजण मागच्यापेक्षा मोठं खोटं सांगून राहिला. दिलीप म्हणतो, "आई ना? अजी, काल गूळ घेऊन गेल्या माझ्या दुकानातून." अंबाबाई म्हणतात, "रोज देवळात भेटते मले. लय गुनाची बाई." त्यांना वाटलं मुलाकडच्यांची ही पक्की चौकशी आहे, आणि मी जे खरं सांगा म्हटलं ते इशाऱ्यानं म्हटलं.

प्रणाली, मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी ओरडायची तशी ओरडले. "खोटं हाय हे सगळं! प्रणालीची आई तेरा वर्षांपासून मोहगावले राह्यते. माझ्या भावाचं आन् तिचं पटलं नाई. पोट्टी नेपाळले गेली होती, आन् सुरक्षेचं शिकून राहिली. तिनं लिवलं ते खरं, मी सांगितलं ते खोटं." मला माझा आवाज कळत नाही, पण पलीकडच्या गल्लीतून दोघं जण बाहेर आले म्हणे.

मी रूपालीच्या आईकडे पाहत होते, आता ही तोंडावर हात ठेवील म्हणून. अंबाबाईच पुढे आल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आमाले माहीत हाय न वं, पयल्या वर्षापासून. तू तसं सांगे म्हून आमीबी तसंच सांगत होतो." सगळ्यांना माहीत होतं गं. तेरा वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होते ते माझ्यासाठी लपवत होते. मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले.

तो साहेब मात्र शांत. म्हणाला, "अब आप लोग आपस में तय कर लीजिए।" मग त्यानं मोहगावचा पत्ता मागितला. मी दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून मी मोहगावला निघाले. वहिनीला आधी भेटावं, काय झालं ते सांगावं, असं मनात होतं. तेरा वर्षांत मी त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. पोचले तर त्याची मोटरसायकल फाटकाशी उभी. वहिनी दवाखान्यात जायच्या तयारीत, नर्सच्या साडीत, आत खुर्चीवर बसून बोलत होती. मी ओसरीवर बसले. दार उघडं होतं पण मला शब्द ऐकू येत नव्हते, नुसते ओठ हलताना दिसत होते. मधेच त्या साहेबानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि वहिनी बोलतच राहिली, बराच वेळ. त्याच्या प्रश्नांपेक्षा तिचं उत्तर लांब होतं. बोलायचंच म्हटलं तर तिच्याकडे आमच्या घराविरुद्ध बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि तुझी जागा त्यात जाऊ शकते.

तो गेल्यावर तिनं मला पाणी दिलं, चहा दिला. "गुडघे कसे आहेत ताई?" एवढंच विचारलं. मी गुडघ्यांचंच सांगत बसले. ती कामावर गेली, मी बसनं परत आले.

बायोडाटा मी परत मागवला आहे. वहिनी काय बोलली ते कळेपर्यंत मला चैन नाही. तुला काही कळलं तर लगेच लिही.

आत्या


गांधीनगर
६ ऑक्टोबर २०२५

माझी आत्या,

जागा मिळाली! नाव पक्कं झालं. डिसेंबरात दिल्लीला जायचं आहे. काल संध्याकाळी कळलं आणि मला कोणाला सांगावं ते सुचेना, म्हणून मेसच्या मावशींनाच मिठी मारली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुकानासमोर तू उभी राहून ओरडते आहेस हे डोळ्यांपुढे येतं आणि आधी हसू येतं, मग रडू येतं. रागाचं मी जे लिहिलं ते खरं होतं. तो आता गेला, हेही खरं आहे. लग्न करायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. करीन तेव्हा माणूस मी शोधीन, चौकशीला तू जा. पण या वेळी खिडकीतून पाहून ठरवू नकोस.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अख्खी गल्ली एका आवाजात बोलायला लागली की नव्या माणसाला संशय आलाच पाहिजे, तो माणूस चांगला होता. मग विचारलं, तुझी आई काय म्हणाली? मी म्हटलं, मलाही तेच जाणून घ्यायचं आहे.

मी आईला फोनवर विचारलं. आधी टाळलं. खूप मागे लागले तेव्हा म्हणाली, "ते तुझ्यासाठी नाही बोलले मी. ज्यांच्याबद्दल बोलले त्यांना मीच लिहीन."

प्रणाली


मोहगाव
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईंना,
अमृताचा नमस्कार.

तुम्ही माझ्या ओसरीवर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला प्रणालीकडून माहीत होतं. दार लावून घेता आलं असतं, पण लावलं नाही. आपल्याबद्दल वाईट बोललं जात नाही हे तुम्हाला चेहऱ्यावरून तरी कळावं असं वाटलं. ते कळलं नाही, असं प्रणाली सांगते, म्हणून लिहिते.

साहेबांनी आधी विचारलं, घर का सोडलं. मी म्हटलं, ते माझं आणि माझ्या नवऱ्याचं आहे, पोरीच्या कामाशी त्याचा संबंध नाही. त्यांनी मानलं. मग म्हणाले, मुलगी तुमच्या नणंदेकडे वाढली. त्या बाईनं माझ्या तोंडावर तीन गोष्टी खोट्या सांगितल्या. अशा घरात वाढलेल्या मुलीवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? तेव्हाच त्यांनी वळून तुमच्याकडे पाहिलं.

मी त्यांना सांगितलं, साहेब, मी घर सोडून आले तेव्हा माझ्याबद्दल वाटेल ते बोलायला सासरची माणसं मोकळी होती. लोक ऐकायला टपलेलेच होते. नणंद एकदा जरी म्हणाली असती की बाई गेली कोणाच्या तरी मागं, तर मला या गावात सुई टोचायला कोणी हात पुढे केला नसता. भाऊ तिचा होता, तिनं त्याची बाजू घेतली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. तिनं सांगितलं, माहेरी गेली आहे, येईल. ते खोटं तिनं माझ्यासाठी धरून ठेवलं. आणि ते फक्त दाराबाहेर. दाराच्या आत माझ्या पोरीला तिनं माझ्याविरुद्ध एक शब्द सांगितला नाही. पोर तिथं वाढली म्हणून तर तिला आईचं नाव आणि पत्ता लिहायची लाज वाटली नाही.

साहेब म्हणाले, हे मी अहवालात कुठं लिहू? मी म्हटलं, लिहू नका. तुम्ही विश्वासाचं विचारलं म्हणून सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि गेले.

हे मी तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं. तुम्ही पाणी प्यायल्या आणि माझ्या तोंडून गुडघ्यांची चौकशी निघाली.

डिसेंबरात प्रणाली पांढुर्ण्याहूनच दिल्लीची गाडी धरणार आहे. मी त्या दिवशी दवाखान्यात रजा टाकली आहे. तुमच्या भावाशी बोलायला येत नाही, राहायलाही येत नाही. मला तुमच्यासोबत स्टेशनवर उभं राहायचं आहे. आजवर माझ्या पोरीनं दर वेळी एकीला सोडूनच दुसरीकडे प्रवास केला. या वेळी गाडी हलेल तेव्हा तिला आपण दोघी एकाच ठिकाणी दिसू द्या.

तुमची,
अमृता